संगीत महोत्सवात गायचंय, स्टॉल लावायचाय की स्वयंसेवक व्हायचंय? मिरज-औंधच्या बाजूला अर्ज असा करा

सांगली-साताऱ्याकडच्या बऱ्याच संगीत महोत्सवांत अर्जाचा छापील नमुना मिळत नाही. असतो तो कार्यवाहांचा मोबाइल नंबर आणि आलेली पत्रं खोचून ठेवलेली एक फाईल. उत्सव चालवणारी माणसं दहा-बारा, सगळी आपापली नोकरी-दुकान सांभाळून करणारी. बैठक बसते रात्री जेवणं उरकल्यावर. तिथे तुमच्या कागदाला मिळतात दोन-तीन मिनिटं, आणि तेवढ्यात मंडळी एकच गोष्ट चाचपतात: ह्याला घेतलं तर आपल्याला किती फोन करावे लागतील? ज्याच्या अर्जात पुढच्या दहा फोनांची उत्तरं आधीच आहेत, त्याचं नाव पुढे सरकतं. गाणं चांगलं पाहिजे, माल चांगला पाहिजे, हे आहेच. पण चांगलं गाणाऱ्यांचे अर्जही मागे पडतात, ते ह्या फोनांपायी.

आधी पंचांग बघा

इथले उत्सव इंग्रजी तारखेवर चालत नाहीत. मिरजेचा अंबाबाईच्या देवळातला नवरात्र संगीत महोत्सव घटस्थापनेला बांधलेला. औंधचा महोत्सव, जो अंतुबुवा जोशींनी 1940 साली सुरू केला, आश्विन वद्य पंचमीचा, म्हणजे घटस्थापनेपासून मोजलं तर विसावी तिथी. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ जी सभा होते ती उरुसाला जोडलेली, आणि उरूस हिजरी महिन्यांवर. त्यामुळे ती दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. वाईच्या घाटांवरचा कृष्णाबाईचा उत्सव माघात सुरू होतो.

ह्यात चुकतात ते अधिक महिन्याच्या वर्षी. 2025 साली घटस्थापना 22 सप्टेंबरला होती, 2026 साली अधिक ज्येष्ठामुळे ती 11 ऑक्टोबरला. मागच्या वर्षीची तारीख धरून साथीदारांना शब्द दिला, रजा टाकली, तिकिटं काढली की सगळं वीस दिवसांनी हुकतं.

आता उलटं मोजा. आश्विनातल्या उत्सवाची पत्रिका गणपती उठले की छापायला जाते. त्याआधी, श्रावणात, नावं पक्की होतात. म्हणजे कलाकाराचा अर्ज गुढीपाडवा ते अक्षय्यतृतीया ह्या दरम्यान पोचलेला बरा. आषाढी उलटली की तुम्ही पुढच्या वर्षाच्या रांगेत. स्टॉलवाल्यांना नारळी पौर्णिमेपर्यंत मुभा असते. स्वयंसेवकांची यादी शेवटी होते, पण गणपतीच्या धामधुमीआधी नाव दिलेलं चांगलं, कारण त्या दहा दिवसांत कार्यवाह दुसऱ्याच मंडळाच्या मांडवात असतात.

अर्ज कागदावर द्या, दोन प्रतींत. एक त्यांच्याकडे, दुसरीवर तारीख-सहीची पोच. त्याचीच पीडीएफ व्हॉट्सअॅपवर. आठ दिवसांनी एक फोन. नगरसेवकाची किंवा आमदारांची चिठ्ठी जोडू नका. तिने नकार देणं अवघड होतं, आणि अशा माणसाला मंडळी पुढच्या वर्षी आपणहून बोलवत नाहीत. गुरूंचं दोन ओळींचं पत्र मात्र जरूर जोडा. त्याला इथे वजन आहे.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा महोत्सव कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. काही ठिकाणी फक्त निमंत्रण असतं आणि अर्जाचा उपयोग एवढाच, की तुमचं नाव त्यांच्या वहीत पडतं. काही ठिकाणी सुरुवातीचं सत्र तरुणांसाठी राखलेलं असतं. अर्ज करायचा तो ह्या सत्रासाठी, आणि तसं स्पष्ट लिहून. तिसरा प्रकार हजेरीचा. दर्ग्यात किंवा गुरूंच्या पुण्यतिथीला कलाकार हजेरी लावतो, म्हणजे सेवा रुजू करतो. तिथे मानधन नावापुरतं, कधी नारळ आणि प्रवासखर्च. हजेरीच्या उत्सवाला मानधनाचा आकडा लिहिलेला अर्ज पाठवला की पुढे कोणी बोलत नाही, फाईल नुसती मिटते.

आणि एक: शास्त्रीय संगीताचा खरा महोत्सव कलाकाराकडून पैसे घेत नाही. 'नोंदणी शुल्क', 'पुरस्कार शुल्क', 'प्रमाणपत्राचा खर्च' असं काही कलाकाराकडे मागितलं की हात जोडून निघा.

अर्ज एका पानाचा. 'संधी दिल्यास सोनं करीन' हे वाक्य त्या फाईलमध्ये आधीच ढिगाने आहे. त्याऐवजी असं:

«यंदाच्या महोत्सवात ख्याल गायनासाठी माझा विचार व्हावा. पट्टी काळी 4. वेळ 40 मिनिटं, 25 मिनिटांतही बसवता येईल. सायंकाळच्या सत्रासाठी पूरिया धनाश्री किंवा यमन, रात्रीच्या सत्रासाठी बागेश्री तयार आहे. तबला व संवादिनीचे साथीदार सोबत असतील. तानपुरे दोन, आपल्याकडून मिळावेत. एक तानपुरा वाजवणारी व्यक्ती सोबत आहे, दुसरी लागेल. एकूण चारजण, कोल्हापूरहून चारचाकीने, मुक्काम नको, दोघांचं जेवण उपवासाचं. ध्वनिचित्रमुद्रण 11 मिनिटांचं: विलंबित 0 ते 7, द्रुत 7 ते 11.»

एवढ्यात कार्यवाहांचे निम्मे फोन वाचले. आता ह्यातला एकेक भाग.

रागाची वेळ. सगळ्यात सर्रास चूक हीच. सकाळच्या सत्रासाठी अर्ज आणि सोबतचं मुद्रण मारूबिहागाचं. निवड करणारे कान ह्याला अडाणीपणा समजतात, मग तुमची तान कितीही स्वच्छ असो. सकाळ मागत असाल तर भैरव, तोडी, आसावरी ह्या बाजूचं काही पाठवा. राग एकच न देता दोन-तीन द्या. तुमच्यानंतर बसणाऱ्या बुजुर्गांनी तोच राग धरला असेल तर धाकट्याने तो सोडायचा असतो, आणि हे आयत्या वेळी कळतं.

मुद्रण. स्टुडिओतलं, गुळगुळीत केलेलं नको. मोबाइल तिवईवर, गायकापासून सहा-सात फुटांवर, पंखा बंद, मागे कोरी भिंत. न कापलेलं. आधी निवेदकाने केलेली स्तुती, दीपप्रज्वलन, तानपुरा लावणं हे सगळं उडवा. ऐकणारा पहिल्या मिनिटात सूर लागलाय का आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना घाई होते का, हे बघतो. पण म्हणून थेट तानांवर उडी घेऊ नका. बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, ऐकल्याशिवाय ख्यालगायकाला कोणी घेत नाही. दहा-बारा मिनिटं पुष्कळ झाली. दुवा पाठवत असाल तर तो सर्वांना उघडतो का, दुसऱ्याच्या फोनवर तपासा. 'परवानगी मागा' असं आलं की ते तिथेच थांबतात.

पट्टी, म्हणजे तुमचा सा पेटीच्या ज्या पट्टीवर लागतो ती. हा तपशील नुसता 'काळी 4' लिहून संपत नाही, पण निदान तेवढा तरी लिहा. मिरजेत तानपुरा हे गावचंच वाद्य आहे. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा लांबून भोपळा जिवापाड जपत एसटीतून आणण्याची गरज नाही, पट्टी कळवली की जुळता तानपुरा मिळतो. का कळवायची? तानपुऱ्याच्या तारांची जाडी पट्टीनुसार ठरते. काळी 4 साठी तारा चढवलेला बायकी तानपुरा खुंटी सैल करून काळी 1 वर आणला तर तारा लोंबतात, जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, बोलत नाही, नुसती फरफर ऐकू येते. उलट मर्दानी तानपुरा ओढून वर नेला की तार तुटते, आणि ती नेमकी पडदा उघडताना. तसंच पहिली तार पंचमाची, मध्यमाची की निषादाची हेही लिहा. मालकंस गायचा असेल तर मध्यम, मारवा-पूरिया असेल तर निषाद. तबल्याचंही तेच: काळी 1 चा तबला पांढरी 4 ला चढवायचा प्रयत्न केला तर पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, फाटते. साथीदार स्थानिक मागत असाल तर पट्टी त्यांच्यापर्यंत पोचवायची जबाबदारी तुमचीच समजा, कार्यवाहांवर सोडू नका.

ध्वनिव्यवस्थेचा कागद. इथले साउंडवाले बहुधा लग्नं, सभा आणि मिरवणुकांतून आलेले असतात. कामाचे, पण त्यांच्या हाताला खर्ज वाढवायची सवय. त्यांना वेगळा, अर्ध्या पानाचा, मराठीत लिहिलेला कागद द्या. ख्यालाच्या बैठकीसाठी तो साधारण असा होतो:

1. गायक: हातातल्या प्रकारचा डायनॅमिक माइक, आडव्या स्टँडवर
2. तानपुरा डावा: कंडेन्सर, 48 व्होल्ट चालू
3. तानपुरा उजवा: तसाच
4. तबला (दायाँ)
5. डग्गा
6. संवादिनी: भात्याच्या बाजूला नाही, सुरांच्या बाजूला
7. निवेदन: हा गाणं सुरू झालं की बंद

मॉनिटर दोन: एक गायकासमोर, एक तबलजीसाठी. एको पूर्ण बंद. डग्ग्याच्या माइकचा खर्ज वाढवू नये. गायकाच्या मॉनिटरमध्ये तानपुरा ऐकू यावा, पण बेताने.

शेवटच्या ओळीत अपघात लपलेला आहे. गायकाला तानपुरा ऐकू येत नाही, तो 'वाढवा' म्हणतो, वाढवला की मॉनिटरमधला आवाज पुन्हा तानपुऱ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि शिटी वाजते. उपाय आवाज वाढवण्यात नाही, मॉनिटर हलवण्यात आहे. त्याचं तोंड माइकच्या पाठीकडे यायला हवं. दुसरा अपघात कूलरचा. ऑक्टोबरच्या उकाड्यात मंडळी प्रेमाने मंचाच्या कडेला कूलर लावतात. ओल्या हवेने तबल्याची पुडी उतरते आणि दर दहा मिनिटांनी हातोडी काढावी लागते. कागदावर लिहा: पंखा चालेल, कूलर नको, पंख्याचा झोत माइकवर नको.

बैठकीची मांडणीही काढून द्या, साधी, पेनने. गायक मध्ये, त्याच्या उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला संवादिनी, मागे दोन तानपुरे. ह्याला निदान 12 फूट रुंद आणि 8 फूट खोल जागा लागते. कोणाचे गुडघे दुखत असतील, खुर्ची लागणार असेल, तर तेही आताच सांगा. खुर्चीवर बसलेल्या गायकासाठी माइकचा स्टँड वेगळा लागतो.

वेळेचा हिशेब. उघड्यावरच्या मांडवात रात्री 10 ला ध्वनिवर्धक बंद करावा लागतो. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 बंदी, आणि सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवसच मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. त्या दिवसांत तुमचा दिवस येतो का, हे विचारून घ्या. बंद नाट्यगृहाला ही 10 ची बंदी तशी लागत नाही. म्हणून सांगलीचं भावे नाट्यमंदिर किंवा मिरजेचं बालगंधर्व नाट्यगृह असेल तर गणित वेगळं. मांडवात मात्र दीपप्रज्वलन लांबलं, पाहुण्यांची भाषणं लांबली, की कात्री लागते ती शेवटून दुसऱ्या कलाकाराला, कारण शेवटचा मोठा असतो. म्हणून 40 मिनिटांची बैठक 25 मध्ये कशी बसवायची हे घरी घड्याळ लावून करून बघा. नुसती लय वाढवून ते होत नाही. विलंबित एकतालाऐवजी मध्यलयीची बंदिश धरावी लागते, आणि ती तबलजीला आधी माहीत हवी.

परिचय 120 शब्दांत, निवेदकाने श्वास घेत वाचता येईल असा. गुरूंची नावं, आकाशवाणीची श्रेणी असेल तर नेमकी (बी, बी-हाय, ए), शिक्षण. 'विशारद' लिहा, पण त्यावर फार विसंबू नका. गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालयच मिरजेत आहे, तिथे विशारद गल्लीगल्लीत भेटतात. स्वतःच्या नावाआधी 'पंडित' स्वतः लावू नका, हे सांगावं लागतं. साथीदारांची नावं देवनागरीत, जशी पत्रिकेत हवीत तशी. फोटो व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा पाठवला तर तो आकसतो आणि फ्लेक्सवर चेहरा पाण्यात पडल्यासारखा दिसतो. पॅन आणि रद्द केलेला धनादेश सोबत. मानधनावर करकपात लागू झाली आणि पॅन दिलेला नसला तर कपात 20 टक्क्यांनी होते, मग उत्सवानंतर तक्रार करून उपयोग नाही. कार्यक्रम यूट्यूबवर थेट जाणार असेल तर तुमची संमती की नकार, हेही त्याच कागदावर.

औंधला जाणाऱ्यांनी प्रवासाचा भाग जास्त तपशिलात लिहावा. मिरज जंक्शन आहे, कुठूनही गाडी मिळते. औंधसाठी रेल्वेने रहिमतपूरला उतरून पुढे रस्त्याने जावं लागतं. रात्री उशिरा परतणार असाल तर गाडी तुमची की त्यांची, हे आधी ठरलेलं बरं.

स्टॉल लावणाऱ्यांसाठी

संगीत महोत्सवाचा गिऱ्हाईक जत्रेतल्यासारखा फिरत नसतो. तो तीन तास मांडी घालून बसतो आणि मध्यंतरात एकदम उठतो. सगळा धंदा त्या वीस मिनिटांत. एका गिऱ्हाइकाला चहा देऊन पैसे घ्यायला 15 सेकंद धरले तर एका खिडकीतून वीस मिनिटांत 80 जण. दोन खिडक्या लावल्या तर 160, त्याच्या वर नाही, मांडवात सहाशे माणसं असली तरी. गाळ्याचं भाडं ठरवताना श्रोत्यांचा आकडा धरू नका, हा 160 चा आकडा धरा. 70 मिलीचा कप म्हटला तर 160 कपांना सव्वाअकरा लिटर चहा. तो मध्यंतराच्या दहा मिनिटं आधी स्टीलच्या टाकीत तयार पाहिजे. मध्यंतर झाल्यावर उकळायला ठेवणाऱ्याचा चहा उतू जातो तेव्हा पुढचा राग सुरू झालेला असतो.

अर्जात लिहायचं ते असं: काय विकणार, जागेवर शिजवणार की नाही, किती फूट जागा (6 बाय 6 पुरते की 10 बाय 10), विजेची उपकरणं आणि त्यांचे वॅट, माणसं किती, सामान कधी आणणार, कधी हलवणार. जागेवर न शिजणारा माल असेल तर मांडवाजवळची जागा मिळण्याची शक्यता वाढते. भडंग, कंदी पेढे, बेदाणे, चिक्की ह्यांना वास नाही, फोडणीचा चरचराट नाही. वड्याच्या कढईला मंडळी लांबच्या कोपऱ्यात पाठवतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

नवरात्रातला उत्सव असेल तर उपवासाचा माल ठेवा. साबुदाणा वडा, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की. पण साबुदाणा वड्याचं तेल वेगळं. बटाटेवड्याच्या कढईत तळलेला साबुदाणा वडा एकाने ओळखला की ती बातमी पहिल्या रांगेपर्यंत जायला मध्यंतर संपावं लागत नाही.

कागदपत्रं: खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयची नोंदणी, तात्पुरत्या गाळेवाल्यालाही ती लागते. 14 आकडी क्रमांक अर्जावर लिहा आणि प्रमाणपत्राची प्रत गाळ्यावर लावा. गॅस वापरणार असाल तर 19 किलोची व्यावसायिक टाकी. घरगुती 14.2 किलोची लाल टाकी चालत नाही. अपघात झाला तर विमा, पोलीस, मंडळ सगळेच अडचणीत येतात, म्हणून जाणकार मंडळं ती फाटकातूनच परत पाठवतात. सोबत आग विझवणारं सिलिंडर, मुदत तपासून. थर्माकोलच्या प्लेटा, प्लास्टिकचे चमचे, पातळ पिशव्या आणू नका. महाराष्ट्रात पहिल्याच वेळी दंड 5,000 रुपये.

गाळा मांडवाच्या आवारात आहे की रस्त्यावर, हे विचारा. आवारात असेल तर मंडळाची पावती पुरते. रस्त्यावर असेल तर सांगली-मिरजेत महापालिकेची परवानगी, औंधला ग्रामपंचायतीची. मंडळाची पावती तिथे दाखवून भागत नाही. भाड्याची पावती संस्थेच्या नावाची, नोंदणी क्रमांकासह घ्या. कोणा कार्यकर्त्याच्या खासगी क्यूआरवर पैसे टाकू नका.

सीमेपलीकडून, म्हणजे अथणी-चिकोडी-बेळगावहून येऊन करपात्र माल विकणाऱ्यांसाठी: दुसऱ्या राज्यात तात्पुरता धंदा करायला जीएसटीची 'कॅज्युअल' नोंदणी लागते, उलाढाल कमी असली तरी, आणि अर्ज धंदा सुरू होण्याच्या निदान 5 दिवस आधी करायचा असतो. हस्तकलेच्या वस्तूंना काही सवलत आहे. आपल्या कर सल्लागाराला विचारूनच निघा.

विजेबद्दल थोडं सविस्तर, कारण उत्सव बंद पडतो तो इथून. साध्या 6 अँपिअरच्या पॉइंटवर 230 व्होल्टला जेमतेम 1,380 वॅट निघतात. विजेची किटली 1,500 वॅटची, इंडक्शन शेगडी 2,000 ची. ती तिथे लावली तर एमसीबी, म्हणजे जादा भार आला की वीज तोडणारा खटका, पडतो. आणि तुमचा पॉइंट साउंडच्याच फेजवर कोणी घाईत जोडला असेल तर तुमच्या चहाबरोबर मंचावरचा माइकही जातो. अर्जात वॅट लिहायचे ते ह्यासाठी. तुमच्यासाठी 16 अँपिअरचा पॉइंट मागा, नाहीतर गॅसवर करा.

आणि तो साउंडबॉक्स, क्यूआरवर पैसे आले की मोठ्याने सांगणारा डबा. विलंबिताची सम जवळ येतेय, सगळा मांडव श्वास धरून आहे, आणि मागून बाई ओरडते, 'वीस रुपये प्राप्त झाले.' गाणं चालू असताना तो बंद ठेवीन, असं अर्जातच लिहून द्या. हे वाक्य वाचून कार्यवाह हसतील आणि सही करतील. गर्दीत नेटवर्क बसतं, म्हणून दहा-वीसच्या सुट्ट्याची थैलीही हवी. वाद्यांचा गाळा लावणाऱ्यांनी सत्र चालू असताना तार छेडायची नाही, गिऱ्हाइकालाही छेडू द्यायची नाही. पुस्तकवाल्यांना असला त्रास नाही, त्यांनी फक्त पावसाला ताडपत्री आणावी. परतीचा पाऊस आश्विनात सांगून येत नाही.

स्वयंसेवकांसाठी

'कोणतंही काम सांगा' असं लिहिणारे खूप. त्यांना काम मिळतं ते वाहनतळावर, जिथे गाणं ऐकूही येत नाही. नेमकं लिहा: कोणते दिवस, किती ते किती, दुचाकी-चारचाकीचा परवाना आहे का, कन्नड येतं का (मिरजेत हे मोठं भांडवल आहे, श्रोते आणि कलाकार दोन्ही तिकडून येतात), वजन उचलता येईल का. अठराच्या आतले असाल तर पालकांचं पत्र. शिकणारे विद्यार्थी असाल आणि ऐकायचंय म्हणून येत असाल तर तसंच लिहा, लपवू नका. दारावरचं काम मागा आणि बदल्यात एक पाळी चप्पल स्टँडची पत्करा.

दारावर उभ्या असणाऱ्याला एक नियम पाळावा लागतो: बंदिश चालू असताना आत सोडायचं नाही. ओळखीचा असला तरी, पाहुणा असला तरी. टाळ्या पडल्या की सोडायचं. ह्यावरून रोज एकदा भांडण होतं, आवाज न चढवता ते निभावणारा माणूस मंडळींना हवा असतो. ग्रीन रूममध्ये कोमट पाणी, बर्फ नको. उदबत्ती नको, अत्तर नको. टाचण्या, टॉवेल, इस्त्री तयार. वाद्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, वाद्य ओलांडायचं नाही, तानपुरा उन्हात किंवा पंख्याखाली ठेवायचा नाही. वेळ दाखवणाऱ्याने '10' आणि '5' लिहिलेली पुठ्ठ्याची पाटी घेऊन पहिल्या रांगेत कडेला बसायचं. उभं राहून हातवारे केले की कलाकाराचं लक्ष उडतं आणि मंडळाचं नाव जातं.

शेवटी, ज्याला खरोखर निवडून यायचंय त्याने अर्जात एक ओळ घालावी, जी फारसं कोणी लिहीत नाही: 'समारोपाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी 7 ते 10 येऊ शकतो.' त्या वेळी भाड्याच्या गाद्या, लोड, सतरंज्या आणि खुर्च्या मोजून टेम्पोत चढवायच्या असतात, आणि रात्री पावणेदहाला मंचाभोवती दिसलेले वीसजण सकाळी सातला चारच उरलेले असतात.